प्रयोगवहीतले तंतोतंत ९.८

मा. संपादक,

माझ्या मुलीच्या प्रयोगवहीत साध्या लंबकावरून काढलेले गुरुत्वत्वरणाचे (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो, त्याचे) मूल्य दर वेळी पुस्तकातल्यासारखे नेमके ९.८ आलेले पाहून मला कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटली. एक मीटर लांबीच्या लंबकाच्या २० आंदोलनांना सुमारे ४० सेकंद लागतात; स्टॉपवॉच दाबताना ०.२ सेकंदांची चूक झाली, तर आवर्तकालाचा, म्हणजे एका आंदोलनाला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग घ्यावा लागत असल्याने उत्तर सुमारे एक टक्क्याने, म्हणजे जवळपास ०.१ ने ढळते. मग वर्गातल्या साऱ्यांचे उत्तर सारखेच कसे? उघड आहे, उत्तर आधी आणि निरीक्षणे मागाहून लिहिली जातात.

ज्या नाशिकमध्ये महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपल्या सर्वांची ‘मेरी’, आहे, तेथे तरी मोजमापाची किंमत वेगळी सांगावी लागू नये. काँक्रीटची ताकद तपासण्यासाठी त्याचा ठोकळा २८ दिवसांनी यंत्राखाली दाबताना जो आकडा येतो तोच लिहावा लागतो. सोयीचा आकडा पुलाला चालत नाही.

महाविद्यालयांनी प्रात्यक्षिक परीक्षेत अचूक उत्तरापेक्षा त्रुटीच्या विश्लेषणाला अधिक गुण द्यावेत, आणि खाडाखोड असलेली मूळ कच्ची वही तपासावी, अशी विनंती आहे.

– एक पालक, नाशिक