त्या रविवारचं उरलेलं

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "रविवारी दिवसभर फोन का लागत नव्हता?" मी म्हटलं, "फिरायला गेले होते, मजा आली, डोंगरात रेंज नसते." त्यातलं सगळं खरं होतं, फक्त मधला दीड तास मी गाळला. फोनवर सांगितलं असतं तर आईने पहिल्याच वाक्याला "अगं बाई!" म्हणून फोन बाबांच्या हातात दिला असता, आणि बाबांनी पुढचं काही ऐकून न घेता व्याख्यान सुरू केलं असतं. पत्रात मला कोणी तोडू शकत नाही.

सोबत नकाशाच्या त्या भागाची रंगीत प्रत आहे. बाबा, भिंग घेऊन बसा. निळ्या पेनने जायचं ठरवलं होतं ती वाट आहे, लाल पेनने गेले ती. बहुतेक ठिकाणी दोन्ही एकच आहेत. कुठे फुटतात ते मोजणी खात्यातल्या माणसाला सांगायला नको.

शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारी साधी गाडी पकडली. हा मार्ग १८९४ सालचा. टॉटलीचा बोगदा साडेपाच किलोमीटरहून लांब आहे; आत शिरताना मागे शहर असतं आणि बाहेर पडलं की समोर दरी. दरीतल्या ईडेल गावी उतरले तेव्हा ऊन होतं. ऑगस्टचा शेवट, आठ वाजेपर्यंत उजेड. तेरा-चौदा किलोमीटरची फेरी, चारशे मीटरहून थोडा जास्त चढ. जिथून निघायचं तिथेच यायचं, पण वेगळ्या वाटेने: जाताना नदीच्या काठाकाठाने वर, मग डोंगराच्या माथ्यावरून कडेकडेने मागे आणि एका सोंडेवरून खाली गावात. चढउतार धरून पाच तास पुरतात, मी सहा धरले होते.

पहिला तासभर तर आईसुद्धा आरामात चालेल. दरीतून नो नावाची छोटी नदी वाहते आणि वाट सरळ लोकांच्या शेतांतून जाते. होय बाबा, खाजगी शेतांतून, आणि कायद्याने. नकाशावर हिरव्या तुटक रेघा आहेत ना, त्या सगळ्या सार्वजनिक पाऊलवाटा. जमीन मालकाची, चालण्याचा हक्क सगळ्यांचा. जागोजागी माणूस पार होईल पण मेंढी अडकेल अशी झुलती फाटकं. या भागातल्या वस्त्यांच्या नावांत 'बूथ' येतं, अपर बूथ, बार्बर बूथ, अशी पाच आहेत. पूर्वी गुराख्यांचे गोठे होते तिथे, त्यांचीच पुढे गावं झाली.

दगडी कुंपणांसाठी मात्र तुम्ही इथे असायला हवे होतात. चुना नाही, सिमेंट नाही. दोन बाजूंनी दोन पातळ भिंती आतल्या अंगाला झुकवत वर न्यायच्या, मधे बारीक दगडांचा भराव, आणि ठरावीक उंचीवर आरपार जाणारे लांब दगड, दोन्ही भिंतींना बांधून ठेवणारे. मी एका ठिकाणी ढासळलेला भाग पाहिला म्हणून आतली रचना कळली. दहा मिनिटं तिथेच उभी होते. कदाचित तीच दहा मिनिटं पुढे महागात पडली, पण त्याचं मला वाईट वाटत नाही.

दरी संपते तिथे एक जुना दगडी पूल आहे, तट्टांवरून माल न्यायचे त्या काळचा. त्याच्यापुढे एकदम उभा चढ. नाव जेकब्स लॅडर. अठराव्या शतकात वर जेकब मार्शल नावाचा शेतकरी राहायचा. तट्टू वळणावळणाच्या वाटेने यायचं, आणि स्वतःला सरळ चढून जाता यावं म्हणून त्याने पायऱ्या खोदल्या, असं सांगतात. वर आधी पोचून तट्टाची वाट बघत बसणारा माणूस! मी तट्टाच्या वाटेने गेले.

आता माथा. या डोंगराचं नाव किंडर स्काउट, उंची ६३६ मीटर. डोंगर म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर शिखर येईल, ते विसरा. वर सपाट, अजस्र सपाट. इकडे त्याला 'मूर' म्हणतात. मी आपलं माळ म्हणते, पण माळावर पाय ठेवला की टणक लागतो, इथे दबतो. खाली पीट आहे: कुजायलासुद्धा पुरेशी हवा न मिळालेली वनस्पती, ओल्या चहापत्तीसारखी काळी. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढते. म्हणजे दोन मीटरचा थर दिसला की साधारण दोन हजार वर्षं समजायची. आसपासच्या औद्योगिक शहरांतल्या धुराने वरचं शेवाळ मारलं, आगींनी आणि मेंढ्यांनी उरलेलं काम केलं, आणि उघड्या पडलेल्या पीटमध्ये पाण्याने घळी पाडल्या. त्यांना इथले लोक 'ग्रफ' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गेली वीसेक वर्षं दगडांचे बांध घालून, बी पेरून, शेवाळ परत लावायचं काम चाललंय. ते शेवाळ स्वतःच्या वजनाच्या वीस पटीपर्यंत पाणी धरतं.

आणि या सगळ्यावर जांभळा हेदर फुललेला. आई, त्याचा रंग फोटोत येत नाही, म्हणून पाठवला नाही.

हा माळ लोकांना असाच मिळालेला नाही. शंभर वर्षांपूर्वी तो ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेला होता, पाऊल ठेवलं की राखणदार हाकलायचे. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो कामगार पलीकडच्या हेफील्ड गावातून मुद्दाम वर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांपर्यंतची कैद झाली. १९५१ मध्ये इथेच ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि अशा माळांवर वाट सोडूनही मोकळं फिरण्याचा कायदा यायला २००० साल उजाडलं. वाट सोडण्याचा हक्क. मी तो त्या रविवारी जरा जास्तच बजावला.

माथ्यावरच्या 'किंडर लो' नावाच्या जागी त्रिकोणमितीचा खांब आहे, ६३३ मीटरवर. बाबा, मी त्याला तुमच्या वतीने हात लावला. १९३६ पासून सगळ्या देशाची मोजणी नव्याने झाली तेव्हा असे साडेसहा हजारांच्या आसपास काँक्रीटचे खांब उभारले होते. तिथे बसून डबा खाल्ला, आणि खाता खाता ढग खाली आला. वारा नाही, आवाज नाही. खांबापासून वीस पावलांवरचा दगड दिसेनासा झाला.

इथे मी पहिली चूक केली. नकाशा पिशवीत होता आणि पुढे दोन माणसं बोलत चालली होती, म्हणून मी त्यांच्या आवाजामागे निघाले. मला जायचं होतं आग्नेयेला, ती चालली होती उत्तरेला, धबधब्याकडे. वीस मिनिटांनी लक्षात आलं. तेव्हा आल्या वाटेने खांबापर्यंत परत जायचं, इतकं सोपं होतं. पण मला ते जिवावर आलं. म्हटलं, माळ सपाटच आहे, आडवं तोडून पलीकडच्या कडेला लागू. ही दुसरी चूक, आणि खरी.

कारण आडवं तोडायचं म्हणजे ग्रफमधून. उतरायचं, खाली काळा चिखल, डोक्यापेक्षा उंच भिंती, आत वळणं. वर चढून आलं की तोंड कुठे होतं ते गेलेलं. असं सहा-सात वेळा झालं. फोन काढला तर पडदा ओला आणि बोटं ओली, त्याला माझं बोटच कळेना. एक पाय मांडीपर्यंत रुतला आणि बाहेर काढताना बूट आतच राहणार होता. धुक्यात कुठेतरी ग्राउस ओरडत होता. इंग्रजांना त्याचं ओरडणं 'गो बॅक, गो बॅक' असं ऐकू येतं. मलाही तसंच आलं. घाबरले होते. लिहायचंच ठरवलंय तर तेही लिहिते.

मग बसले. अंगावर आणखी एक स्वेटर चढवला (आई, तुझाच, मातकट), गूळ खाल्ला आणि कागदी नकाशा मांडीवर पसरला. नेमकी कुठे आहे हे कळत नव्हतं, पण दक्षिणेला गेलं की माळाची कड येणार आणि कडेने वाट आहे हे दिसत होतं. कडेला कातळ आहेत म्हणून घाई करायची नाही. होकायंत्र दक्षिणेवर लावलं आणि रेषेतला, दिसेल तितका लांबचा गवताचा झुबका धरून तिथवर गेले. तिथून मागे वळून आधीचा झुबका बघायचा, दोन्ही एका रेषेत आहेत ना ते पडताळायचं, मग पुढचा. बाबा, लहानपणी तुम्ही शेताच्या बांधावर मला रॉड धरून उभं करायचात आणि "डावीकडे, अजून डावीकडे" ओरडायचात, तेव्हा मला त्या कामाचा भयंकर कंटाळा यायचा.

पाऊण तासाने पायाखाली दगड लागला आणि धुक्यातून मेंढ्यांसारखे गोल गोल खडक वर आले. वूलपॅक्स. नकाशावर लाल रेघ निळीला मिळते तीच जागा. जीव भांड्यात पडला. अर्ध्या तासात ढगही उठला आणि खाली अख्खी दरी, त्यात खेळण्यातल्यासारखी आगगाडी. ती माझी गाडी होती, चुकली. ग्रिंड्स्लो नोल नावाच्या टेकाडावरून उतरायला गुडघ्यांनी खूप कुरकुर केली. पुढची गाडी मिळाली. बुटांतला पीट अजून निघतोय.

आता तुमचं व्याख्यान मी स्वतःच देते. नकाशा यापुढे गळ्यात. धुकं आलं की खांबाशीच थांबायचं आणि दिशा घेऊनच निघायचं. शिट्टी आहे: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर गप्प, परत सहा. इथल्या बचाव पथकांतले लोक स्वयंसेवक असतात आणि पैसे घेत नाहीत. आवाज जात नसेल तर मेसेजने मदत मागायची सोय आहे, त्यासाठी नंबर नोंदवलाय. निघताना वाट आणि उतरायची वेळ तुम्हाला लिहून पाठवीन, उतरल्यावर लगेच मेसेज. मधे फोन लागला नाही तर घाबरायचं नाही. ठरलेल्या वेळेनंतर दोन तास गेले तर माझ्या घरमालकीणबाईंना फोन करा, त्यांचा नंबर नकाशामागे आहे. जाणं मात्र बंद करणार नाही.

आणि आता तुमच्याबद्दल. आई न्हाणीघरात पडली आणि मनगटाला प्लास्टर घातलं, हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही मावशीच्या तोंडून चुकून. ते तीन आठवडे व्हिडिओवर तुम्ही दोघं फोन एकाच बाजूने धरत होतात. आईचा डावा हात दिसतच नव्हता. मला वाटलं, तुम्हाला अजून फोन धरता येत नाही, आणि मी हसलेसुद्धा. "तू एवढी लांब, उगाच काळजी करशील" म्हणालात. रविवारचं गाळताना माझ्या डोक्यातही हुबेहूब हेच वाक्य होतं.

मी दीड तासाचा हिशेब दिला, चिखलासकट. तुमच्याकडचा द्या. बाबांची शुगर नुसती "बरी आहे" नको, आकडा लिहा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवला का? आईचा पुढचा एक्स-रे कधी आहे ती तारीख कळवा, आणि रविवारी फोन डावीकडून धरा.

तुमची,
धाकटी