'दारं धरणं' तसंच छापलंत, त्याबद्दल

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

रात्रीच्या लाईटीवरचा माझा लेख तुमच्या साप्ताहिकात आला, त्यानंतर आभार मानायला मी फोन केला होता. पण मला नीट बोलता आलं नाही, आणि तुम्हीही "अहो ताई, त्यात काय एवढं" म्हणून विषय पिकापाण्यावर नेलात. सांगायचं होतं ते राहूनच गेलं. ते चार लोकांसमोर सांगावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे उघड पत्र लिहिते आहे. नाव छापू नका म्हणालात, त्यामुळे ते लिहीत नाही. तालुक्यात ओळखणारे ओळखतीलच.

ज्यांनी लेख वाचला नाही त्यांच्यासाठी विषय थोडक्यात सांगते. आमच्या जुन्नर भागात शेतीची थ्री-फेज लाईट पाळीनं मिळते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की अंधारात उठून मोटर चालू करायची आणि उसाला, कांद्याला पाणी भरायचं. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसाच्या आडोशाला बिबट्या राहायला आला. मादी पिल्लंही उसातच घालते. त्याच उसाच्या बांधावरून रात्री आमचा माणूस चालत असतो. साप-विंचू वेगळेच. शेतीला दिवसा लाईट द्या, ही इथली मागणी जुनी आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली, तिचाही उद्देश दिवसा वीज मिळावी हाच. माझं म्हणणं एवढंच होतं की बिबट्या वनखात्याकडं आणि लाईट वीज कंपनीकडं, अशी वाटणी सरकारनं केली आहे, पण रात्री शेतात उभ्या असलेल्या माणसासाठी हा एकच प्रश्न आहे. तो एकत्र बसून सोडवा.

हा लेख तुमच्याकडं येण्याआधी एका मोठ्या दैनिकाच्या पुरवणीत आला होता. आला म्हणजे नाव माझं होतं. बाकी त्यात माझं फारसं काही उरलं नव्हतं. 'दारं धरायला गेलेला माणूस' याचं तिथं 'सिंचनकार्यात व्यग्र कृषक' झालं होतं. 'गवत कापणाऱ्या बाईला बिबट्यानं ओढून नेलं' याचं 'मानव-वन्यजीव संघर्षातून जीवितहानी' झालं होतं. मध्येच 'नॅरेटिव्ह' होतं, 'स्टेकहोल्डर' होते, आणि 'विकासाचं पर्यायी प्रतिमान' नावाचं काहीतरी होतं, जे मी आयुष्यात कधी म्हटलेलं नाही. मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मी फोन केला तेव्हा पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "आमच्या वाचकाची पातळी वेगळी आहे." ते वाक्य मला अजून लागतं. ज्या माणसांच्या जिवाबद्दल लेख होता, ती माणसं त्यांच्या हिशेबात वाचक नव्हतीच.

राग आला तो केवळ शब्द बदलले म्हणून आला नाही. त्या शब्दांनी माणसं गायब केली म्हणून आला. 'जीवितहानी झाली' असं वाचताना कोण गेलं, कोणाच्या घरातलं गेलं, काहीच डोळ्यांसमोर येत नाही. 'वीजपुरवठा रात्रीच्या सत्रात निर्धारित करण्यात आला' या वाक्यात तो कोणी निर्धारित केला त्याचा पत्ताच नाही. मत मांडायचं म्हणजे कोणाला तरी जाब विचारायचा असतो. वाक्यातून कर्ताच नाहीसा झाल्यावर जाब कोणाला विचारणार? भारी भाषेचा हा सगळ्यात मोठा तोटा मला वाटतो. ती विद्वत्तेची वाटते, पण तिच्यामुळे जबाबदार माणूस अलगद सुटतो.

आणि त्या लेखाचं गावात काय झालं? कौतुक झालं. "लई भारी लिहिलंस वहिनी," असं खूप जण म्हणाले. एकानंही त्यातल्या मुद्द्यावर एक प्रश्न विचारला नाही.

मग मी मूळ लेख तुम्हाला पाठवला आणि तुमचा फोन आला. आभार मानायचे आहेत ते या फोनचे.

तुम्ही म्हणालात, "ताई, एक विचारायचं होतं. दारं धरणं म्हणजे नेमकं काय हो? मी मूळचा कोकणातला, आमच्याकडं हा शब्द नाही." माझ्या मनात आलं, गेला हाही शब्द. तरी सांगितलं. मोटरचं पाणी पाटानं येतं. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या वाफ्याचं फोडायचं. रात्रभर वाकून हेच करत राहायचं. तुम्ही मध्ये कुठंही न बोलता ऐकून घेतलंत. मग विचारलंत, "म्हणजे दोन्ही हात फावड्यावर?" मी हो म्हटलं. "आणि बॅटरी?" ती डोक्याला बांधतात. "मग काठी कशी धरतात?" मी म्हटलं, "काठी कशी धरणार, सर? हात कुठं शिल्लक आहे?"

तुम्ही थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात, "हेच लिहा ना. शब्द तुमचाच ठेवू, आणि हे वाक्य त्याच्या मागोमाग घालू. ज्याला शब्द माहीत आहे त्याला माहीतच आहे. ज्याला नाही, त्याला पुढच्या वाक्यात कळेल."

'दारं धरताना दोन्ही हात फावड्यावर असतात, काठी धरायला हात उरत नाही.' अख्ख्या लेखातलं हे एक वाक्य लोकांच्या तोंडी बसलं. ते वाक्य तुमच्या विचारण्यातून आलं. माझ्या रोजच्या जगण्यातली गोष्ट, म्हणून ती लिहायला हवी हे मलाही सुचलं नव्हतं. 'सिंचनकार्य' या शब्दात हात दिसत नाहीत, सर. ज्यांनी तो शब्द घातला त्यांनी आपल्याला न कळणारा शब्द खोडला आणि जागा भरली. तुम्हालाही तो शब्द कळला नव्हता. तुम्ही फोन उचललात. दोघांच्या शिक्षणात फारसा फरक नसेल, पण समोरच्या बाईला आपल्यापेक्षा काहीतरी जास्त माहीत असू शकतं, हे तुम्ही मनापासून मानता.

तुम्ही सोप्या शब्दांचा हट्टही धरला नाहीत, याचं मला विशेष वाटलं. मी लेखात डीपी, म्हणजे शेताजवळचा ट्रान्सफॉर्मर, जळाल्याचं लिहिलं होतं. पुरवणीत त्याचं 'रोहित्र नादुरुस्त' झालं होतं. जळालेला ट्रान्सफॉर्मर ग्रामीण भागात ४८ तासांत बदलून द्यावा, असा वीज नियामक आयोगाचा नियम आहे, आणि तो लोकांना कळावा म्हणून तर मी लिहिलं होतं. पण ज्याची डीपी जळाली आहे त्याला 'रोहित्र' वाचून हे आपल्याबद्दल आहे याची शंकासुद्धा आली नाही. तुम्ही डीपी परत आणलीत. इंग्रजी अक्षरं आहेत म्हणून नाक मुरडलं नाहीत. पण दुसरीकडं मी साप चावून गेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना 'सरकारी मदत' मिळते असं लिहिलं होतं, तिथं तुम्ही थांबवलंत. म्हणालात, योजनेचं पूर्ण नाव लिहा. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना. मला वाटलं, एवढं लांबलचक कशाला? तुमचं म्हणणं असं की 'सानुग्रह' हा शब्द अवघड आहे, पण तो लपवू नका, उघडून दाखवा. सानुग्रह म्हणजे कृपा म्हणून दिलेलं. मृत्यू झाला तर २ लाख रुपये मिळतात, पण सरकारच्या कागदावर ती कृपा आहे, हक्काची भरपाई नाही. रात्री शेतात जायला ज्या वेळापत्रकानं भाग पाडलं, त्याची जबाबदारी त्या शब्दात कुठंच नाही. तो शब्द सोपा केला असता तर माझाच मुद्दा बोथट झाला असता. हे मला कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी यावर पुष्कळ विचार केला. परका शब्द वाईट आणि आपला चांगला, असं काही म्हणता येत नाही. 'जमीन माझ्या हक्काची' यातले जमीन आणि हक्क हे दोन्ही शब्द फारसी-अरबीतून आले. पगार आणि चावी पोर्तुगिजांकडून आले. माझ्या सासऱ्यांना त्यात काडीचंही परकेपण वाटत नाही. उलट दिनांक आणि महापौर हे सावरकरांच्या भाषाशुद्धीतले शब्द घडवलेले आहेत, तरी ते रुळले, कारण ते रोजच्या वापरात आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून आले होते. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'चा पहिला अंक काढला तेव्हा जातिव्यवस्था समजावून सांगायला त्यांच्याकडं अर्थशास्त्राचे आणि समाजशास्त्राचे वाटेल तेवढे शब्द होते. त्यांनी लिहिलं की हा समाज म्हणजे एक मनोरा आहे, एकेक जात म्हणजे त्याचा एकेक मजला, आणि या मनोऱ्याला शिडी नाही. मनोरा आणि मजला दोन्ही मूळचे अरबी. पण ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही दुसऱ्यानं वाचून दाखवल्यावर हे कळलं असणार, आणि आपण कितव्या मजल्यावर आहोत हेही. टिळकांच्या 'केसरी'नं १८९७ मध्ये थेट विचारलं, 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' प्लेगाचे आणि दडपशाहीचे दिवस होते. त्या मथळ्यात एकही शब्द असा नाही जो ओट्यावर बसलेल्या माणसाला कळणार नाही. सरकारला मात्र तो चांगलाच झोंबला. ही माणसं कमी शिकलेली होती म्हणून असं लिहीत नव्हती. 'आमच्या वाचकाची पातळी' म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

आता तुमच्या अंकात लेख आल्यावर काय झालं ते सांगते, कारण तुम्ही ते पाहिलेलं नाही. सकाळी दूध घालायला गेले तर डेअरीवर लेख मोठ्यानं वाचणं चाललं होतं. वाचून झाला आणि भांडण सुरू झालं. एक जण म्हणाला, वहिनीचं चुकतं आहे, दिवसा सगळ्यांनी एकदम मोटरी लावल्या तर दाब पडून लाईट टिकणारच नाही, आधी शेतीचे फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून येणाऱ्या लाईनी, वेगळे करायला हवेत. दुसरा म्हणाला, दिवसा लाईट आली म्हणून बिबट्या थोडाच जाणार आहे, संध्याकाळी गोठ्यात येतोच की. तिसऱ्यानं दोघांना गप्प केलं आणि म्हणाला, गोठ्याला दार लावता येतं, उसाला लावता येत नाही. मी बादली घेऊन उभी होते आणि मला इतका आनंद झाला, सर, की काय सांगू. माझं म्हणणं खोडून काढायला लोक पुढं आले. ते त्यांना कळलं होतं, म्हणूनच तर खोडता येत होतं. आधीच्या लेखाचं नुसतं कौतुक झालं होतं, कारण त्याच्याशी वाद घालायला कोणाजवळ शब्दच नव्हते. फीडरचा मुद्दा त्या भावजींचा बरोबर आहे, आणि तो मला त्या सकाळपर्यंत सुचला नव्हता.

तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून बरंच काही चाललं आहे, असं मला वाटतं. तलाठी कार्यालयात अर्ज परत करण्याआधी "काकू, इथं काय लिहायचं होतं तुम्हाला?" असं विचारणारा एखादाच भेटतो. सरकारी दवाखान्यात "दुखतं म्हणजे कसं, सांगा बरं" असं म्हणून खरोखर ऐकणारी एखादीच सिस्टर असते. त्यांचा पगार त्यामुळे वाढत नाही. तुम्हालाही त्या फोननं काही मिळालं नसेल, उलट अंक लावायच्या घाईत तुमचा अर्धा तास गेला. पण आमच्यासारख्या माणसाला तो अर्धा तास आयुष्यभर पुरतो, कारण आपलं बोलणं दुरुस्त करण्याआधी कोणीतरी ते समजून घेतलं, असं फार क्वचित घडतं.

अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंनाही माझा नमस्कार सांगा. 'फावडं'वरचा अनुस्वार शेवटच्या प्रुफात राहिला होता, तो त्यांनी स्वतःहून पाहून घातला, असं तुम्ही म्हणाला होतात.

फीडरबद्दल आता मी आमच्या लाईनमनशी आणि त्या भावजींशी बोलते आहे. पुढचा लेख त्यावरच लिहीन. त्यात त्यांचा आक्षेप त्यांच्याच शब्दांत घालणार आहे, आणि त्यांची परवानगी आधीच घेतली आहे. काही अडलं तर पुन्हा फोन करा. रात्रीची पाळी असली तर नऊच्या आत करा, दिवसाची असली तर कधीही.

कळावे, लोभ असावा.

आपली,
जुन्नर तालुक्यातील एक शेतकरी