झाबुआच्या कडकनाथ पाळणाऱ्या भगिनींसाठी वजनकाटे, क्रेट आणि गाडीभाडे : सभासदांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सव थाटात पार पडला. त्याचा जमाखर्च कार्यकारिणीच्या सभेनंतर फलकावर लागेल. हे पत्र मात्र झाबुआ जिल्ह्यात कडकनाथ ही देशी कोंबडी पाळणाऱ्या आदिवासी भगिनींच्या कामासाठी आहे. दिवाळीच्या आत पैसे उभे राहिले नाहीत तर थंडीचा हंगाम हातचा जाईल, म्हणून घाईने लिहीत आहे.

मंडळाने मनावर घेतले की काम उभे राहते, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. पुस्तकपेढी एका कपाटावर सुरू झाली, आज तिच्यातून दुसरी पिढी शिकते आहे. 2020च्या टाळेबंदीत लोकमान्य नगरच्या वहिनींनी घरचा गॅस रात्री उशिरापर्यंत बंद होऊ दिला नाही आणि पोळी-भाजीचे डबे वेळेवर पोचवले. झाबुआचे कामही रामबागेतल्या आपल्या अण्णांचेच. पशुवैद्यकीय नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी पेन्शनमधून लसीचा थर्मास घेतला आणि दुखऱ्या गुडघ्यांनी राणापूरकडच्या फलियांमध्ये (पाड्यांमध्ये) घरोघर फिरून पिलांच्या डोळ्यांत लसीचे थेंब घातले. इंदूरजवळच्या बेटम्यापाशी शेतावरची शेड विनामूल्य देणारे सभासद नाव छापू देत नाहीत. त्यांनाही येथूनच नमस्कार.

कडकनाथला 2018 साली झाबुआचे भौगोलिक मानांकन मिळाले. शहरात या कोंबडीला काय भाव आहे ते आपण जाणतो. पण ती सांभाळणाऱ्या भिल्ल-भिलाला बायकांच्या हाती त्यातले फार थोडे पडते, कारण त्यांची विक्री वजनावर नव्हे, नगावर होते. हाटात व्यापारी पाय बांधलेला कोंबडा उचलतो, छातीचे हाड अंगठ्याने चाचपतो आणि ‘किलोभरही नाही’ म्हणत आकडा सांगतो. कोंबडा दीड किलोचा असला तरी बाईजवळ काटा नाही, ती दाखवणार काय? घरी कोणी आजारी असते किंवा बियाणे आणायचे असते म्हणूनच ती निघालेली असते. दिवस कलला की मिळेल त्या भावाला देऊन टाकते. फलियात मोटारसायकलला टोपल्या बांधून येणारा व्यापारी हाटापेक्षाही कमी देतो. त्यालाही पेट्रोल पडते, वाटेत पक्षी मरतात, हे मान्य. पण पाच-सहा महिने वाढवलेल्या पक्ष्याचा भाव असा एकट्याने ठरावा हे बरोबर नाही.

दुसरी अडचण लसीची. राणीखेत (तिकडे रानीखेत म्हणतात) हा कोंबड्यांचा साथीचा रोग शिरला की फलियातली खुराडी रिकामी होतात. लसीच्या एका कुपीत शंभरावर पिलांचे डोस असतात आणि ती बर्फात ठेवावी लागते. एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा-बारा कोंबड्या असलेली बाई ती एकटीने कशी घेणार? सगळ्या फलियाची पिले एकाच सकाळी गोळा केली तरच जमते. विक्रीचेही तसेच आहे. चार घरचे पक्षी एकत्र मोजून एका गाडीत निघाले, तर भाडे वाटले जाते आणि भावाचे बोलणेही बरोबरीने होते.

एक गोष्ट मनाला लागली आहे. गेल्या वर्षी हेच आवाहन पुष्कळांनी पुढे पाठवले, पैसे मात्र मोजक्या घरांतून आले. सभेत ‘मंडळाने आता कोंबड्या विकायच्या का?’ असेही विचारले गेले. शाकाहारी सभासदांच्या भावनांचा पूर्ण आदर आहे. मंडळाच्या आवारात ना पक्षी आला, ना पुढे येईल. पण ज्या घरचा दवाखाना आणि मुलांच्या वह्या या चार कोंबड्यांवर चालतात, त्या घराकडे पाठ फिरवणे आपल्याला शोभत नाही.

जे खातात त्यांनी आगाऊ मागणी नोंदवावी, हीसुद्धा मदतच आहे. नुसती काळी पिसे पाहून कडकनाथ समजू नका; सोनेरी आणि पांढऱ्या रेघांचे पक्षीही अस्सल असतात. चोच, तुरा, जीभ, पाय काळे आहेत का ते पाहा. अंडे फिकट तपकिरी असते, काळे नव्हे. काळे म्हणून कोणी विकत असेल तर घेऊ नका.

हवे आहे ते असे : प्रत्येक फलियाला एक टांगता काटा, जाळीचे क्रेट, लसीसाठी बर्फाचा डबा, पिलांच्या उबेसाठी बल्ब व वायर, आणि होळीपर्यंत पंधरवड्याला एक पिकअप. भगोरियाच्या (होळीआधीच्या आदिवासी जत्रेच्या) आधी कपड्यालत्त्यासाठी पक्षी पडत्या भावात निघतात, तेव्हा गाडी हवीच. रु. 500 पासून कितीही द्या. रोख किंवा धनादेश खजिनदारांकडे, कार्यालयात संध्याकाळी 6 ते 8 (सोमवार बंद), पावती लगेच. क्यूआर कोड फलकावर आहे. पैसे भरताना ‘झाबुआ’ असे लिहा, नाहीतर रक्कम उत्सवखात्यात जाते. जुना चालू काटाही चालेल. पक्षी बेटम्याच्या शेडवरूनच, वजनावर, जिवंत. पैसे त्याच दिवशी भगिनींच्या हातात. गाडीबरोबर जायला दोन तरुण हवेत, नावे धनत्रयोदशीपर्यंत द्यावीत.

आपला,
कार्यवाह, ग्रामसेवा समिती, इंदूर