हार्वेस्टरची कंपनी बदलली की अनुदान कुठे अपुरे पडते? कृषिमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: हार्वेस्टरच्या अनुदानाला सुटे भाग, सेटिंग आणि सेवेच्या अटी जोडण्याबाबत

स.न.वि.वि.

साहेब, नाशिक जिल्ह्यात हार्वेस्टरला, म्हणजे पीक कापून तिथेच मळणाऱ्या यंत्राला, एका पिकावर पोट भरता येत नाही. सप्टेंबरअखेर निफाड, येवला, सिन्नरकडचे सोयाबीन, त्याला लागून चांदवड, मालेगाव, बागलाणचा मका, मग इगतपुरी-त्र्यंबकच्या खाचरांतला भात आणि मार्च उजाडला की गहू. चार पिके, चार प्रकारची जमीन, आणि सोयाबीन-मका एकाच वेळी अंगावर येतात. अशा ठिकाणी यंत्राची कंपनी बदलणे म्हणजे मोटरसायकल बदलण्याइतके सोपे नसते.

नाभ्याची प्रीत, भादसोनची कर्तार ही पंजाबची चाकावरची यंत्रे 14 फुटी कटरबार (पुढची कापणीची पट्टी) घेऊन गहू-सोयाबीनला चालतात. क्लास, कुबोटाची रबरी ट्रॅकची यंत्रे वजनाला हलकी, म्हणून ओल्या खाचरात उतरतात. मालक एकाकडून दुसऱ्याकडे वळतो त्याला कारणे असतात: शेत ओले असते, शिवाररस्ता अरुंद असतो, दाणा फुटत असतो किंवा जवळ सर्व्हिस नसते. यातले कोणतेच यंत्र टाकाऊ नाही. तरीही कंपनी बदलल्यावरचा पहिला हंगाम बहुतेक वेळा तोट्यात जातो, आणि तो ज्या गोष्टींमुळे जातो त्या अनुदानाच्या कागदावर कुठेच नसतात.

पहिली गोष्ट ड्रमची, म्हणजे दाणे मळणाऱ्या फिरत्या पिंपाची. जुन्या यंत्रावर सोयाबीनला मिनिटाला 500 फेरे ठेवायची सवय असलेला चालक नव्या यंत्रावरही 500 च ठेवतो. पण मळणी फेऱ्यांवर होत नाही, ड्रमच्या काठाच्या वेगावर होते. 600 मिलिमीटर व्यासाचा ड्रम 500 फेऱ्यांना सेकंदाला 15.7 मीटर वेग देतो. 450 मिलिमीटरचा ड्रम त्याच 500 फेऱ्यांना 11.8 मीटरवरच राहतो, म्हणजे शेंगा न फुटता मागून निघून जातात. बरोबरी करायला त्याला 667 फेरे लागतात. आता उलटे बघा: लहान ड्रमवरून मोठ्या ड्रमवर आलेल्या माणसाने सवयीने 667 ठेवले तर वेग 21 मीटरच्या घरात जातो आणि टाकीत सोयाबीनची डाळ पडलेली दिसते. बियाण्यासाठी राखलेला माल असेल तर संपलेच. वरून अख्खा दिसणारा दाणाही आतून तडकलेला असतो आणि उगवण घसरते.

ड्रम आणि त्याच्याखालच्या जाळीतल्या फटीचेही तसेच. मोठ्या ड्रमच्या यंत्रावर गव्हाला 800 ते 1000 फेरे आणि पुढची फट 10-12 मिलिमीटर चालते; सोयाबीनला 400 ते 600 फेरे आणि पुढे 20-25 मिलिमीटर लागते. एका कंपनीत फट दाखवणारा आकडा लिव्हरवरच असतो, दुसऱ्या कंपनीत नुसत्या खाचा असतात आणि तिसरी खाच म्हणजे किती मिलिमीटर हे इंग्रजी पुस्तकात शोधावे लागते. त्यात सकाळी दव असताना शेंग चिवट असते आणि दुपारी दीडला तीच हात लावला तरी तडकते. म्हणजे एकाच शेतात दिवसातून दोनदा सेटिंग बदलावे लागते. हे मराठीत एका पानावर, पीकवार, मिलिमीटर आणि फेऱ्यांत छापून केबिनमध्ये चिकटवायला कंपनीला कितीसा खर्च येणार? अनुदानाच्या यादीत येण्यासाठी ही अट आपण घालू शकता.

नुकसान मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एक मीटर बाय एक मीटरची तारेची चौकट पुरते. यंत्र पूर्ण भरात चालू असताना थांबवायचे, पाच-सहा मीटर मागे घ्यायचे आणि चौकट तीन जागी टाकायची: न कापलेल्या उभ्या पिकात, कटरबारने कापलेल्या पण यंत्राचा मागचा भाग अजून न गेलेल्या पट्ट्यात आणि यंत्राच्या मागे काड पडते तिथे. पहिल्या जागेचे दाणे ही पिकाची आपसूक गळ. दुसऱ्या जागेतून ती वजा केली की कटरबार आणि रीलची (पीक आत ओढणाऱ्या फिरत्या चक्राची) गळ कळते. तिसऱ्यातून दुसरी वजा केली की ड्रम, चाळण्या आणि पंख्याची. शंभर दाण्यांचे वजन 12 ग्रॅम धरले तर चौरस मीटरला 40 दाणे म्हणजे एकरी 19 किलोच्या वर सोयाबीन मातीत. 2025-26 च्या 5,328 रुपये हमीभावाने ते हजार रुपयांपुढे जाते. दिवसाला पंधरा एकर धरा आणि गुणाकार आपणच करा.

गळ कुठली हे कळले की औषधही कळते. कटरबारची गळ असेल तर रील जोरात फिरतेय, ब्लेडची पाती बोथट झालीत किंवा कटरबार उंच चाललाय. सोयाबीनच्या खालच्या शेंगा जमिनीपासून चार बोटांवर असतात, त्या बुडख्यालाच राहतात. त्या घ्यायच्या म्हणून कटरबार फार खाली घेतला तर माती आत येते, दाणा डागी होतो आणि बाजार समितीत भाव पडतो. मागची गळ असेल तर पंख्याचा वारा जास्त, वरची चाळणी आवळलेली किंवा गाडीचा वेग जास्त. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा चौकट टाकायची. सगळे एकदम फिरवणारा चालक शेवटी पहिल्यापेक्षा वाईट सेटिंगवर येऊन थांबतो.

सुट्या भागांचा मुद्दा जास्त जाचक आहे. 6206, 6305 नंबरचे बेअरिंग कोणत्याही यंत्राचे असो, नाशिकच्या बाजारात मिळते. साधा व्ही-बेल्टही नंबरावर मिळतो. पण वेग कमी-जास्त करणारा रुंद व्हेरिएटर बेल्ट, जाळी, चाळण्या, वॉकरचे (काडातून दाणे झटकणाऱ्या भागाचे) ब्लॉक, सेन्सर हे त्या-त्या कंपनीचेच लागतात. सोयाबीन ऐन भरात असताना व्हेरिएटर बेल्ट तुटला आणि तो पंजाबहून पार्सलने यायचा असेल, तर तेवढ्या दिवसांत शेंगा फुटून दाणा रानात पडतो. जुन्या कंपनीचे जमवलेले भाग नव्या यंत्राला शोभेपुरतेही उपयोगी नसतात. तेव्हा कंपनीला यादीत घेताना 15 सप्टेंबर ते 30 नोव्हेंबर आणि पुन्हा मार्च-एप्रिलमध्ये या भागांचा साठा जिल्ह्यातच ठेवण्याची आणि त्यांची छापील किंमत जाहीर करण्याची सक्ती करावी.

जाता जाता कराचेही सांगतो. यंत्रावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 वरून 5 टक्क्यांवर आला, चांगले झाले. पण बाजारातून घेतलेल्या बेअरिंगवर आणि व्ही-बेल्टवर 18 टक्केच आहे. यंत्र एकदाच घेतले जाते, बेल्ट दर हंगामाला. जीएसटी परिषदेत राज्याचा आवाज असतो, तिथे हा विषय निघावा.

मक्याच्या हेडरने, म्हणजे यंत्राच्या पुढे जोडायच्या कापणीच्या भागाने, तर कंपनी बदलणाऱ्यांचे हात पुरते बांधले आहेत. हेडर स्वतंत्र आणि महाग. नवे यंत्र घेतले की जुना हेडर त्याला बसेलच असे नाही: फीडरच्या (पीक हेडरमधून ड्रमकडे नेणाऱ्या भागाच्या) तोंडाची रुंदी वेगळी, अडकवायचे हुक वेगळे, शाफ्ट डावीकडून की उजवीकडून आणि किती फेऱ्यांवर हे वेगळे, हायड्रॉलिकची कपलिंगही वेगळी. गावातला वेल्डिंगवाला पट्ट्या मारून बसवून देतो, पण हेडर अर्धा इंच तिरका बसला की चेन सारखी उतरते. शिवाय ओळींचे गणित. चार ओळींचा 75 सेंटिमीटरचा हेडर 60 सेंटिमीटरवर पेरलेल्या मक्यात घातला तर यंत्र मधोमध असूनही कडेच्या दोन ओळी हेडरच्या तोंडापासून साडेबावीस सेंटिमीटर आत राहतात. ताटे वाकून आडवी होतात आणि कणसे बाहेर पडतात. आमचा आग्रह असा की प्रत्येक कंपनीने फीडरची मापे जाहीर करावीत, आणि हेडर जोडणीच्या तयार चौकटीलाही अनुदानात जागा मिळावी. पूर्ण नव्या हेडरपेक्षा तिचा खर्च सरकारलाही परवडेल.

इंजिनाचे थोडक्यात. जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनाला लासलगावचा मिस्त्रीही उघडून बसायचा. नव्या कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणाऱ्या) इंजिनात डिझेलमधले पाणी आणि कचरा खपत नाही. पत्र्याच्या ड्रममधून थेट टाकीत डिझेल ओतायची सवय इंजेक्टर खाते. आणि बिघाडाचा कोड पडद्यावर आला की तो वाचायला कंपनीचाच लॅपटॉप लागतो. हे कोड वाचणारे साधन आणि ते चालवणारा माणूस हंगामात जिल्ह्यात हवा, जिल्ह्याबाहेरच्या डीलरकडे नव्हे. आयटीआयमध्ये ट्रॅक्टर आणि कृषी यंत्रांच्या मेकॅनिकचे अभ्यासक्रम आहेत. त्यातल्या मुलांना हंगामाआधी कंपन्यांच्या माणसांबरोबर पंधरा दिवस या यंत्रांवर बसवले तर हा प्रश्न निम्मा सुटेल.

चाकावरून ट्रॅकवर जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची असते: ट्रॅकचे यंत्र डांबरी रस्त्यावर चालवत न्यायचे नाही, ट्रकवर किंवा ट्रेलरवर चढवून न्यायचे. इगतपुरीहून निफाडला यायचे तर प्रत्येक फेरीचे भाडे धरावे लागते. अवजार बँकेचे (यंत्रे भाड्याने देणाऱ्या केंद्राचे) प्रस्ताव मंजूर करताना आपले अधिकारी यंत्राची किंमत बघतात, ही वाहतूक कोणी बघत नाही. मग ती बँक चालवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पहिल्याच वर्षी कोलमडतात.

शेवटचे, चाचणी अहवालांचे. हिस्सारच्या केंद्रीय संस्थेत कम्बाईनच्या, म्हणजे या हार्वेस्टरच्याच, चाचण्या होतात. एखादे यंत्र गव्हात उत्तम ठरले म्हणून ते सोयाबीनमध्येही तसेच चालेल असे धरून चालत नाही. महाडीबीटी या अनुदानाच्या पोर्टलवर यंत्र निवडताना शेतकऱ्याला नुसते मॉडेलचे नाव न दाखवता कोणत्या पिकात चाचणी झाली, दाणा किती फुटला आणि गळ किती झाली हे तीन आकडे मराठीत दिसावेत.

येत्या सोयाबीन हंगामाआधी आपल्या विभागाने निफाड किंवा येवल्यात एक दिवस ठेवावा. तीन-चार कंपन्यांची यंत्रे एकाच शेतात, एकाच दिवशी, सकाळी दहाला आणि दुपारी दोनला चालवावीत आणि मागचे दाणे सगळ्यांसमोर मोजावेत. तारेची चौकट आम्ही घेऊन येतो.

आपले,
नाशिक जिल्ह्यातील हार्वेस्टर मालक, चालक आणि मिस्त्री