बाबांच्या वाटीत काय होतं

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

एकादशीला फोन केला तेव्हा बाबांचा आवाज पार बसला होता. सोपानकाकांच्या देवळात रात्रभर भजन झालं असणार, हे न विचारताच कळलं. त्या फोनवर मला एक गोष्ट सांगायची होती. अगदी जिभेवर आली होती, पण सासवडला पाऊस कसा आहे ते विचारलं आणि फोन ठेवला. गेले आठ महिने असंच चाललंय. म्हणून आता लिहूनच कळवतो.

गेल्या वर्षी मे महिन्यात तुम्ही टोकियोला आलात, तेव्हा आसाकुसाचं सेन्सो-जी देऊळ पाहून आपण मागच्या गल्लीत जेवायला बसलो होतो. बांबूच्या जाळीवर गार सोबा, म्हणजे लांब शेवया, आणि शेजारी छोट्या वाटीत काळपट पातळ सार. सोबा उचलायचा, वाटीत बुडवायचा आणि भुरका मारायचा. आईला काड्या जमेनात म्हणून तिने काटा मागून घेतला. बाबांनी मात्र पहिल्या भुरक्यालाच मान डोलावली. घरी आमटी भुरकली की आई डोळे वटारते आणि इथे अख्खं दुकान भुरकतंय, याचं त्यांना फार बरं वाटलं होतं. "चव जीभ सोडत नाही रे," म्हणाले, आणि वाटीत उरलेलं सारही त्यांनी पिऊन टाकलं.

बाबा, त्या सारात मासा होता.

बसण्याआधी मी वाढणाऱ्या बाईंना विचारलं होतं, "यात निकु आहे का?" निकु म्हणजे मांस. त्या म्हणाल्या, अजिबात नाही. मग मी तुम्हाला म्हणालो, "निर्धास्त खा, कुट्टूच्या पिठाच्या शेवया आहेत आणि सोया सॉसचं पाणी." त्या बाई खोटं बोलल्या नाहीत. जपानीत निकु म्हटलं की त्यात मासा धरत नाहीत. त्यातून उकळून, गाळून, चोथा काढून टाकलेला मासा तर इथे कुणाच्या खिजगणतीतही नसतो. मी प्रश्नच चुकीचा विचारला होता. चूक माझी, आणि तुळशीची माळ तुमच्या गळ्यात.

मला हे कळलं नोव्हेंबरात. ते बुडवायचं सार, म्हणजे त्सुयु, घरी करायला शिकायचं होतं, म्हणून शेजारच्या आजींकडे गेलो. तुम्ही आलात तेव्हा त्यांनी आईला घडीचा पंखा दिला होता, त्याच. त्यांनी फडक्यात गुंडाळलेले दोन तपकिरी तुकडे काढले. मला शिसवीचं लाकूड वाटलं. एकमेकांवर आपटले तर चिपळ्यांसारखा टणक आवाज आला. मग त्यांनी लाकडी खोक्यावर बसवलेला उलटा रंधा पुढे ओढला आणि तुकडा त्यावर घासायला लागल्या. सुताराच्या रंध्यातून निघतात तशा, पण त्याहून कितीतरी पातळ, गुलाबीसर झिलप्या खालच्या खणात पडत होत्या. कात्सुओबुशी. धुरी देऊन, वाळवून, बुरशी चढवून दगडासारखा केलेला मासा. मूठभर झिलप्या गरम पाण्यात पडल्या, धुराचा वास वर आला आणि मला आसाकुसाची ती गल्ली जशीच्या तशी आठवली. मी आजींना विचारलं, सगळ्याच दुकानांत हे घालतात का? त्यांना प्रश्नच कळेना. याच्याशिवाय सोब्याचं सार कसं होईल, म्हणाल्या.

मोडक्यातोडक्या जपानीत मी त्यांना सगळं सांगितलं. तुमची माळ, वारी, सगळं. त्या गप्प बसून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी परत बोलावलं. ओट्यावर काचेच्या बरणीत पाणी होतं, त्यात समुद्री वनस्पतीची एक रुंद काळी पट्टी आणि पाच-सहा वाळलेले अळंबे बुडालेले. "देवळातलं," एवढंच म्हणाल्या. इथल्या बौद्ध मठांत मासा-मांस न घालता स्वयंपाक करतात, त्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. त्यातलं हे सार.

बाबा, या अळंब्यांची एक हकिकत तुम्हाला आवडेल. सोतो झेन या जपानी बौद्ध पंथाचे डोगेन १२२३ साली चीनला गेले. जहाज बंदरात उभं होतं, तेव्हा एक म्हातारा भिक्षू जहाजावर आला. एका मोठ्या मठाचा मुख्य आचारी, वय ६१. त्या मठाच्या डोंगराचं नाव आयुवांग, म्हणजे आपला सम्राट अशोक! दुसऱ्या दिवशी सणाचं जेवण होतं आणि सगळ्या भिक्षूंना शेवयांचं सार वाढायचं होतं. त्यासाठी जपानी अळंबे घ्यायला हा माणूस कोसच्या कोस पायी चालून आला होता. डोगेन म्हणाले, रात्र इथेच काढा, स्वयंपाक दुसरं कुणीतरी करेल. तो थांबला नाही. १२३७ साली डोगेननी मठाच्या आचाऱ्यासाठी सूचना लिहिल्या, त्यात हे सगळं नोंदवून ठेवलंय. मला तुमच्या दिंडीतले भाकऱ्या थापणारे लोक आठवले.

आता कृती. आई, हे तुझ्यासाठी. पुढच्या आठवड्यात माझ्या ऑफिसातला एक जण सुट्टीवर पुण्याला येतोय. त्याच्याबरोबर डबा पाठवतो: कोम्बू, म्हणजे ती काळी पट्टी, वाळलेले शिताके अळंबे, सोया सॉसची बाटली आणि सोब्याची दोन पाकिटं. बाटलीवरचं अक्षर न् अक्षर मी आजींकडून वाचून घेतलंय. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी. आपल्याकडे चायनीजसाठी मिळतो तो दाट काळा सॉस यात वापरू नकोस, चव सगळी बिघडेल.

कोम्बूवर पांढरी पूड दिसेल. ती बुरशी समजून घासून धुशील म्हणून आधीच सांगतो. तो त्याचाच गोडवा आहे, सुकताना वर येतो. ओल्या फडक्याने नुसतं हलकं पुसून घे. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम कोम्बू, म्हणजे तुझ्या तळहाताएवढा तुकडा, आणि पाच शिताके घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. शिताके लवकर भिजावेत म्हणून गरम पाणी ओतायचं नाही. गार पाण्यात सावकाश भिजले तरच चव उतरते.

सकाळी अळंबे पिळून बाजूला काढ. पाणी मंद आचेवर ठेव आणि तिथेच उभी राहा. पातेल्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरायला लागले की कोम्बू लगेच बाहेर. उकळी फुटली तर पाणी बुळबुळीत होतं आणि उग्र वास येतो. माझं पहिल्या खेपेला तसंच झालं, सगळं ओतून दिलं. कोम्बू काढला की मग पाणी दोन मिनिटं चांगलं उकळू दे, वरचा फेस काढून टाक. तयार पाण्याचा रंग फिक्क्या चहासारखा असतो. एक चमचा नुसतं पिऊन बघ. मीठ नाही, तिखट नाही, तरी तोंड भरल्यासारखं वाटेल.

बाबा, शाळेत तुम्ही आम्हाला चार चवींची जिभेची आकृती काढायला लावायचात. ही पाचवी. टोकियोच्या इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञांनी १९०८ साली कोम्बूच्या पाण्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी हे नाव दिलं. १९१३ साली त्यांच्याच शिष्याला कात्सुओबुशीतलं द्रव्य सापडलं, इनोसिनेट. शिताकेतलं ग्वानिलेट उमामी देतं हे १९५७ साली कुनिनाका अकिरा यांनी दाखवलं. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली: ग्लुटामेटच्या जोडीला यातलं एखादं आलं की चव नुसती वाढत नाही, कित्येक पटींनी जोर धरते. म्हणून मासा काढला तरी हे सार फिकं पडत नाही. माशाची जागा अळंबं घेतं.

दुसऱ्या पातेल्यात एक वाटी सोया सॉस आणि पाव वाटी साखर. साखर विरघळून एक हलकी उकळी आली की बंद. याला काएशी म्हणतात. इथे साखरेच्या जोडीला मिरिन घालतात, पण मिरिनमध्ये १४ टक्क्यांच्या आसपास मद्य असतं, म्हणून मी ते आपल्या कृतीतून काढूनच टाकलंय. सोया सॉस आंबवून होतो, तेव्हा त्यातही मद्याचा थोडा अंश असतो. उकळल्यावर तो बराचसा उडतो, सगळा नाही. हेही आता झाकून ठेवत नाही. चालेल की नाही ते बाबांनी ठरवावं.

काएशी बरणीत भरून चार-आठ दिवस मुरू दे. लोणचं मुरतं तशीच, सोया सॉसची धार उतरते आणि गोडवा आत शिरतो. मग एक वाटी काएशीला चार वाट्या कोम्बूचं पाणी, की झालं त्सुयु. फ्रिजमध्ये गार करून छोट्या वाटीत घ्यायचं. पाण्यात मिसळल्यावर तीन-चार दिवसांत संपव, नुसती काएशी मात्र महिनाभर टिकते. उरलेलं कोम्बूचं पाणी मुगाच्या आमटीत घाल. अळंबे आणि कोम्बू बारीक चिरून, सोया-साखरेत आटवून भाताबरोबर होतात. तू काही टाकणार नाहीस, मला माहीत आहे.

सोबा संपला तरी हे थांबवू नकोस. इथे उन्हाळ्यात सोमेन खातात, गव्हाच्या तलम शेवया. नाराजवळच्या मिवाच्या प्रसिद्ध आहेत. तिकडे त्या थंडीत ओढतात आणि तू वैशाखात गच्चीवर वाळवतेस, बाकी फारसा फरक नाही. तुझ्या हातच्या शेवया उकळून, गार पाण्यात दोनदा चोळून धुऊन, निथळून, त्सुयुत बुडवून बघा. पावसात भजी केलीस तर हेच सार जरा गरम करून त्यात किसलेला मुळा घाल. इथे तेंपुराबरोबर, म्हणजे इथल्या भज्यांबरोबर, तसंच देतात.

आणि सोबा शिजवलेलं पाणी फेकू नका. इथे जेवण संपलं की ते गढूळ गरम पाणी किटलीतून आणून देतात, वाटीत उरलेल्या सारात ओतून पितात. पुरणाचा कट तू ठेवतेस तसं. आसाकुसाला बाबांनी मागून घेऊन प्यायलं होतं ते हेच.

दोन पथ्यं मात्र पाळा. या सोया सॉसमध्ये मीठ १६ टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे मी सांगितलेल्या मापाच्या १०० मिलिलिटर सारात तीन-साडेतीन ग्रॅमच्या जवळपास मीठ जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून पाच ग्रॅमच्या आतच थांबायला सांगते. बाबांचं बीपी बघता शेवयांचं फक्त टोक बुडवा आणि उरलेलं सार पिताना दोन घोटांवर थांबा. टोकियोचे जुने लोकही सोबा टोकालाच बुडवतात, कारण इथलं सार कडक असतं. आणि आई, कोम्बूत आयोडीन फार असतं. तुझी थायरॉईडची गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तू घेऊ नकोस. त्यांनी नको म्हटलं तर तुझ्यासाठी नुसत्या शिताकेचं पाणी कर, तेही छान लागतं.

बाबा, मी हे आठ महिने का दडवलं, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. तुम्ही रागावाल अशी भीती नव्हती. तुम्ही काहीच न बोलता एक दिवस उपास कराल, हे डोळ्यांसमोर येत होतं. नकळत झालं तरी माळ उतरवून पुन्हा घालून घ्यावी लागते का, हे मला माहीत नाही. तुमचे महाराज सांगतील. घालून घ्यावी लागणार असेल तर गणपतीपर्यंत थांबाल का? मी दहा दिवसांची रजा घेतली आहे. आपण दोघं आळंदीला जाऊ. इंद्रायणीवर तुमच्या शेजारी मला उभं राहायचं आहे.

डबा पोचला की फोन करा.

तुमचा,
धाकटा