वायपीला घाट चढवून पाहिलं

फोंडा, गोवा
१४ जुलै

प्रिय श्रीकांत,
सप्रेम नमस्कार.

ओपन रेल्ससाठी, म्हणजे संगणकावर आगगाडी चालवायच्या सिम्युलेटरसाठी, तू बनवलेली वायपी (मीटरगेजचं वाफेचं इंजिन) पोचली आणि त्या रात्रीपासून मी तिच्याच मागे आहे. फोनवर मी नुसतं "झकास" म्हणालो, ते तुला पुरलं नाही हे तुझ्या आवाजावरूनच कळलं. एवढी मेहनत घेतलेल्या माणसाला एका शब्दात वाटेला लावणं बरं नव्हे, म्हणून आज बैठक मारून लिहितोय. बाहेर धो धो पाऊस आहे, वीज तेवढी टिकली म्हणजे झालं.

इंजिन देखणं झालंय, त्यात वाद नाही. दांड्यांची हालचाल, सिलिंडरच्या बाजूचा काळा ओशट रंग, टेंडरवरच्या (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या गाडीवरच्या) कोळशाचा ढीग, सगळं मन लावून केलंयस. पण आपण दोघं ओपन रेल्सकडे वळलो ते दिसण्यासाठी नाही. २००१ च्या मायक्रोसॉफ्टच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये वाफेच्या इंजिनाचा हिशेब बराच ढोबळ होता. ओपन रेल्समध्ये भट्टीची जाळी, बाष्पीभवनाचं क्षेत्रफळ, सिलिंडरचा व्यास, बॉयलरमध्ये पाणी भरणारा इंजेक्टर, रुळावरची पकड या सगळ्यांचा हिशेब चालतो. त्यामुळे इंजिनाच्या फाइलमधला एक आकडा चुकला तरी इंजिनाचा स्वभावच बदलतो. तुझ्या फाइलमध्ये नेमकं तेच झालंय, पण त्याकडे मी थोड्या वेळाने येतो.

आधी सपाटीवरचं सांगतो. माजोर्डा ते मडगावच्या पट्ट्यात पाच डबे लावून ताशी ५० ला नेली, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारा दांडा) बंद केला आणि नुसती वाहू दिली. ५० वरून ४० वर यायला मिनिटाच्या थोडं वर लागलं. टनामागे चार किलोच्या आसपास रोध धरला तर एवढाच वेळ यायला हवा. म्हणजे तुझे डेव्हिसच्या सूत्राचे, म्हणजे गाडीच्या रोधाचे, आकडे चोख आहेत, त्यांना हात लावू नकोस. डब्यांचे रोध अवाच्या सवा ठेवायचे आणि मग गाडी हलेना म्हणून इंजिनाची ताकद वाढवायची, हा प्रकार मी बऱ्याच फाइलींत पाहिलाय. तू तसलं काही केलेलं नाहीस.

आवाजही तपासला. वायपीचं चाक ५४ इंचांचं, म्हणजे घेर सुमारे ४.३ मीटर. दोन सिलिंडर असल्यामुळे चाकाच्या एका फेरीत चार फुसकारे. ताशी १५ ला मिनिटाला सुमारे २३२ फुसकारे व्हायला हवेत, म्हणजे सेकंदाला चारला थोडे कमी. डोळे मिटून मोजले, बरोब्बर आले. हे जमतं तेव्हा किती बरं वाटतं म्हणून सांगू!

आता घाट. आपण मांडलेल्या जुन्या मीटरगेजच्या मार्गावर घाटाच्या पायथ्याच्या कुळ्याहून निघालो. १८८८ साली पहिल्यांदा मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंत गाडी गेली, तेव्हापासून या घाटाचं वैर एकाच गोष्टीशी आहे: ३७ ला १ चा, म्हणजे ३७ मीटरला एक मीटर उंचीचा, चढ. बोरघाट आणि थळघाट याच चढाचे, पण तिथं ब्रॉडगेजची मोठी इंजिनं होती. इथं मीटरगेजच्या इंजिनाला हे झेपवायचं होतं.

हिशेब तुला पाठ असेल, तरी मांडतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. ३७ ला १ म्हणजे दर टनाला २७ किलो नुसते गुरुत्वाकर्षणाचे. त्यात चाकांचा आणि वळणांचा रोध चार किलो धर. इंजिन टेंडरसह शंभर टनांच्या आसपास आणि मागे दीडशे टन डबे, मिळून २५० टन. ओढायला लागणारा जोर ७,७५० किलो. वायपीचा कागदावरचा जोर १८,४५० पौंड, म्हणजे साधारण ८,३७० किलो, तोही बॉयलरमध्ये चौरस इंचाला २१० पौंडांचा पूर्ण दाब असताना. हातात उरतं काय? सहाशे किलो. म्हणजे या चढावर या वजनाला वायपीने कटऑफ (पिस्टनच्या फेरीत किती भागापर्यंत वाफ आत घ्यायची ते) मागे घ्यायचा प्रश्नच येत नाही. कटऑफचा दांडा शेवटपर्यंत पुढे, रेग्युलेटर सताड उघडा, आणि असंच वरपर्यंत.

आणि तुझी वायपी या अवस्थेत ताशी ४५ ने घाट चढली! करंझोळच्या पुढेही दाबाचा काटा २१० वरून ढळला नाही.

मी ते पाहत असताना शेजारचे काका येऊन बसले होते. तुला आठवत असतील, हुबळीकडे मीटरगेजवर फायरमन होते ते. आता ऐंशी ओलांडलीय, कानांनी दगा दिलाय, पण नजर अजून शाबूत आहे. चहाचा कप हातात धरून ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. दूधसागरचा पूल आला, गेला, त्यांनी धबधब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांची नजर दाबाच्या काट्यावर खिळलेली. शेवटी म्हणाले, "काटो हालना मरे! हांगा कोण कोळसो घालता?" मग कप खाली ठेवून त्यांनी दाखवलं, दोन्ही हात फावडं धरल्यासारखे करून, आधी मागचे कोपरे, मग बाजू, मधे पातळ थर, आणि प्रत्येक फावड्यानंतर मान वर करून काट्याकडे एक नजर. ते त्या खुर्चीत बसल्या बसल्या केलं त्यांनी, पण खांदे अगदी लयीत हलत होते. चढावर आपण काट्याच्या मागे पळायचो, काटा आपल्यासाठी थांबत नसे, असं सांगत होते. मला त्या क्षणी तुझ्या फाइलचा रोग कळला.

सिलिंडर किती ओढतो हा प्रश्न फक्त गाडी सुटतानाचा. एकदा चाकं फिरायला लागली की मालक बॉयलर. साठलेली वाफ ही शिल्लक आणि भट्टी ही रोजची कमाई. शिल्लक मोडून एखादा चढ मारता येतो, सबंध घाट नाही. वायपीचे सिलिंडर सव्वापंधरा इंच व्यासाचे, २४ इंचांचा स्ट्रोक. ७५ टक्के कटऑफला चाकाच्या एका फेरीत सुमारे ०.२१५ घनमीटर वाफ आत जाते. तापवलेल्या वाफेचं वजन घनमीटरला सहा किलोच्या जवळपास धरलं, तर किलोमीटरमागे ३०० किलो वाफ लागते. ताशी २० ला म्हणजे तासाला सहा टन. ताशी ४५ ला साडेतेरा टन.

गंमत बघ, कुळे ते कॅसलरॉक हे सुमारे २६ किलोमीटर सगळेच्या सगळे असे चढले, तरी लागणारं पाणी दोन्ही वेगांना तेवढंच, आठ टनांच्या आत-बाहेर, कारण चाकांच्या फेऱ्या तेवढ्याच. फरक आहे तो एवढाच की ते पाणी सव्वा तासात उकळायचं की पाऊण तासाच्याही आत. एक किलो कोळशाने सहा किलो वाफ धरली तर साडेतेरा टनांना तासाला सव्वादोन टन कोळसा टाकावा लागेल. ब्रिटनमधल्या चाचण्यांत एका फायरमनची मर्यादा तासाला ३,००० पौंड मानत, म्हणजे साधारण १,३६० किलो. त्या काकांना सव्वादोन टन टाकायला सांगणार आहेस का?

मग तुझी फाइल उघडून बसलो. बॉयलरच्या वाफेचा आकडा १५,००० आहे आणि पुढे तू एकक किलो लावलंयस. तो आकडा पौंडांत होता ना? पौंडांत धरला की होतात ६,८०० किलो, आणि या आकाराच्या भट्टीला तेच शोभतं. मी माझ्या प्रतीत एकक बदललं आणि पुन्हा कुळ्याहून निघालो. काय सांगू तुला, इंजिन जिवंत झालं! पहिले दोन किलोमीटर भरलेल्या बॉयलरच्या जोरावर तीसच्या वर पळालं. मग काटा हळूहळू उतरू लागला, २००, १९०, तसा वेगही पडत गेला आणि बावीसच्या आसपास येऊन दोघं एकमेकांना धरून राहिले. पाणी कमी झालं म्हणून इंजेक्टर उघडला, की गार पाणी आत जाऊन दाब आणखी दहा पौंडांनी खाली. पाणी भरू की दाब राखू, या पेचात वर जाईपर्यंत मान वर करायला सवड मिळाली नाही. आपोआप चालणारा फायरमन बंद करून स्वतः कोळसा टाक, म्हणजे तुला कळेल मी काय म्हणतोय ते.

पाण्याचं अजून एक. चढावर धुराडं पुढे असलं की पाणी मागे भट्टीकडे जमतं. पाच मीटर लांबीत दोन टोकांना तेरा सेंटिमीटरहून जास्त फरक पडतो. त्यामुळे काचेत पाणी दिसतं भरपूर, आणि कॅसलरॉकला सपाटीवर आलं की तेच पाणी पुढे धावतं आणि भट्टीचं छत उघडं पडायची भीती. म्हणून माथा गाठण्याआधीच पाणी वाढवून ठेवायचं. पडद्यावर ते दिसो न दिसो, मी तसंच चालवतो. तूही चालव.

पकडीबद्दल मात्र तुझ्याशी माझं भांडण आहे. तीन चाकजोड्यांवर मिळून साडेएकतीस टन वजन, त्यावर ७,७५० किलोची ओढ, म्हणजे पकडीचा गुणक जवळजवळ पाव. ओपन रेल्स वापरतं त्या कर्टियस-निफलर सूत्राने कोरड्या रुळावर ताशी २० ला ०.२७८ मिळतो, तेव्हा निभतं. पण पावसात ओला रूळ ०.२० च्या खाली सहज जातो. आणि आपला घाट म्हणजे जून ते सप्टेंबर आभाळच रुळावर! तुझी वायपी मी भर पावसाच्या हवामानात चढवली, तर एकदाही चाक घसरलं नाही. तू पकडीचा आकडा वाढवून ठेवलायस, गाडी अडकू नये म्हणून. अडकू दे रे. अडकली म्हणजे मग वाळू सोडावी, रेग्युलेटर किंचित आवरावा, पुन्हा अलगद उघडावा. तरीही नाही जमलं तर मागून बँकर लावावा. या घाटात मागून रेटणारं इंजिन लागतंच, डिझेलच्या जमान्यातही कुळ्याला ती उभी असायची. तुझ्या मॉडेलला बँकर लागत नसेल तर ते आपल्या घाटाचं मॉडेल नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्या ओळखीतला तो मुलगा विचारत होता, हिचा टॉप स्पीड किती. प्रश्न सगळ्यांनाच पडतो. पण ३ जुलै १९३८ ला 'मॅलार्ड' या ब्रिटिश वाफेच्या इंजिनाने ताशी १२६ मैल गाठले ते इंग्लंडमधल्या स्टोकच्या उतारावर. त्या विक्रमाचं मोल मोठंच आहे, तरी इंजिनाची कुवत मोजायला इंग्लंडमधल्या स्विंडनच्या रेल्वे कारखान्याच्या लोकांनी वेगळीच रीत काढली: भट्टीला ठरावीक वाफ सतत द्यायला लावायची आणि त्या वाफेत कुठल्या वेगाला किती ओढ मिळते ते पाहायचं. १९४८ मध्ये तिकडेच रग्बी गावी चाचणी केंद्र उघडलं, तिथं तर इंजिन रोलरवर उभं करून जागच्या जागी पळवत. आपणही तसंच करू. ताशी सहा टन वाफ स्थिर धरून २०, ३०, ४०, ५० ला कटऑफ कमी करत ओढ नोंदवायची. एफ-५ दाबला की सगळे आकडे समोर येतात. मी तीस आणि चाळीसचं करतो, वीसचं आणि पन्नासचं तू कर, म्हणजे दोघांचे आकडे एकत्र मांडून पाहता येतील. डबे तेच पाच ठेव, नाहीतर सगळा घोळ होईल.

तेव्हा आता तुझ्याकडून दोनच गोष्टी हव्यात: वाफेचं एकक, आणि पकडीचा आकडा मूळ होता तिथं. धुराचं बघ जमलं तर. आग जाड झाली की काळा धूर जास्त वेळ राहायला हवा, काकांचं त्यावर फार लक्ष होतं. उतारावरच्या व्हॅक्यूम ब्रेकचं पुढच्या पत्रात लिहीन, तो स्वतंत्र विषय आहे.

चवथीच्या आधी फाइल पाठवलीस तर बरं. चवथीला तू इकडे येणारच आहेस, तेव्हा दोन संगणक जोडून पुढचं इंजिन तू घे, मागचा बँकर मी घेतो. काकांनाही बोलावू. ते आत्ताच विचारताहेत, मिरजेचा तुमचा तो दोस्त कधी येणार म्हणून. येताना तुझ्याकडची जुनी कार्यकारी वेळापत्रकं आण, करंझोळला किती मिनिटं थांबा होता ते त्यातून मिळेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
उदय