भडकल दरवाजाला सिमेंट नको

महोदय,

छत्रपती संभाजीनगरच्या दरवाजांचा विषय निघाला की गाडी औरंगजेबाच्या तटबंदीवर, म्हणजे १६८२ वर येऊन थांबते. भडकल दरवाजा त्याच्या सत्तर वर्षे आधीचा, १६१२ चा. मुघलांवरच्या विजयाची खूण म्हणून निजामशाहीच्या मलिक अंबरने तो उभारला. म्हणजे हे चक्क युद्धस्मारक. त्याची डागडुजीही त्याच तोलाची हवी.

जुन्या दरवाजांच्या दरजा, म्हणजे दगड-विटांमधले सांधे, सिमेंटने भरणे, ही नेहमीची चूक. चुन्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती अडवते. मग पाणी शेजारच्या दगड-विटांतून वाट काढते, सुकताना क्षार फुलतात आणि पापुद्रे सुटतात. भिंतीवर हात फिरवल्यावर पांढरी भुकटी बोटांना लागली, की हेच सुरू झाले असे समजावे.

दरजा चुन्यानेच भराव्यात. विरवलेला, म्हणजे पाणी घालून फोडलेला, चुना किमान तीन-चार आठवडे पाण्याखाली मुरू द्यावा. एक भाग चुन्याला वाळू आणि सुरखी (विटांची भुकटी) मिळून तीन भाग. दरज जेवढी रुंद, त्याच्या दुप्पट खोल खरवडावी, भिजवावी, मगच भरावी. वर आठवडाभर ओले गोणपाट. आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये हे काम काढूच नये, चुना धरण्याआधीच सुकतो.

भिंतीत उगवलेला पिंपळ तर उपटूच नये, मुळाबरोबर दगडही निघतो. बुडाशी कापून ताज्या कापावर लगेच तणनाशक लावावे. मूळ मेल्यावर पोकळीत पातळ चुना सोडावा.

निविदेत नुसते ‘दरजा भरणे’ लिहिले, तर ठेकेदार सिमेंटचे पोते उघडणारच. चुन्याचे प्रमाण आणि पाणी मारण्याचे दिवस निविदेतच लिहा.

– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर